रेस्क्यू डायव्हर झालात, आता पुढचं प्रशिक्षण कोणतं? कृष्णाकाठच्या नव्या स्वयंसेवकांसाठी

बचाव पथकात नव्याने आलेल्या आणि खिशात रेस्क्यू डायव्हरचं कार्ड असलेल्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच असतो: आता पुढे कोणता कोर्स करू? उत्तर बहुतेक जण डाइव्ह सेंटरच्या दरपत्रकात शोधतात. डीप (खोल पाण्यातलं), रेक (बुडालेल्या जहाजांवरचं), नाइट, डाइव्हमास्टर. त्यात पैसे जातात, रजा जाते, आणि हरिपूरच्या संगमावरून किंवा एखाद्या बंधाऱ्यावरून फोन आला की त्यातलं फार थोडं कामाला येतं.

सांगली-सातारा भागात काम करायचं असेल तर माझ्या मते क्रम असा हवा: आधी प्रथमोपचार, मग वाहतं पाणी आणि बोट, मग काठावर दोर धरणं, त्यानंतर अंधाऱ्या पाण्यातलं डायव्हिंग आणि सर्वांत शेवटी विहीर. डायव्हिंग इतकं खाली पाहून अनेकांचा हिरमोड होतो. पण हा क्रम उलटा केला की बुडालेल्याच्या शोधात उतरलेल्याचाच शोध घ्यायची वेळ येते, म्हणून तो टप्प्याटप्प्याने आणि कारणांसकट देतो.

## टप्पा १: हातातल्या कार्डाची हद्द ओळखा

रेस्क्यू डायव्हरचा कोर्स, मग तो पॅडीचा असो की एसएसआयचा (या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्था), हौशी डायव्हिंगसाठी बांधलेला आहे. दमलेल्या सोबत्याला ओढत आणणं, घाबरलेल्या डायव्हरला आवरणं, बेशुद्ध डायव्हरला तळातून वर आणून पाण्यातच श्वास देणं, हरवलेल्या सोबत्याला शोधणं हे त्यात शिकवतात. हे सगळं मोलाचं आहे. मात्र ज्याला वाचवायचं त्याच्या पाठीवर सिलिंडर असतो, पाण्यात काही मीटर तरी दिसतं आणि जवळ बोट उभी असते, हे तिथं गृहीत धरलेलं असतं.

आपल्याकडे बुडणारा माणूस अंगातल्या कपड्यांनिशी पाण्यात गेलेला असतो. पावसाळ्यात मास्कच्या काचेला हात टेकवला तरी बोटं दिसत नाहीत. तळाशी गाळ, मासेमारीची तुटकी जाळी, निर्माल्याच्या पिशव्या, साड्या, वाहून आलेल्या बाभळी. यातल्या एकाचाही सराव त्या कार्डात नाही.

खोलीचंही तसंच. ओपन वॉटर या पहिल्या कोर्सला १८ मीटर, त्यापुढच्या अ‍ॅडव्हान्स्डला ३० मीटर आणि हौशी डायव्हिंगची कमाल मर्यादा ४० मीटर, हे आकडे तुम्ही ज्या परिस्थितीत शिकलात तशाच परिस्थितीसाठी आहेत. कोयना धरणाची भिंत सुमारे १०३ मीटर उंच आहे. जलाशयात बोट उलटली आणि तुमच्याकडे ३० मीटरचं कार्ड आहे, एवढ्यावर उतरायचा निर्णय होत नाही.

तपासा: एका कागदावर दोन रकाने करा. 'स्वतः, मदतीशिवाय, अनेकदा केलं' आणि 'एकदा करून दाखवलं'. दुसरा रकाना लांबलचक असेल तर नवा कोर्स घेण्याआधी त्यातल्या गोष्टींचा सराव करा. तरंगण्यावरचा ताबा, म्हणजे तळाला न लागता आणि वर न उडता एका जागी राहणं, पक्का नसेल तर पुढचा एकही टप्पा नीट होणार नाही.

## टप्पा २: पथकाच्या नोंदवहीतून पाण्याची यादी काढा

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. नोंदवही नसेल तर जुन्या सभासदांशेजारी बसून गेल्या काही वर्षांतले कॉल लिहून काढा. प्रत्येक कॉलपुढे चार गोष्टी: पाणी कोणतं, महिना कोणता, पथक पोहोचेपर्यंत माणूस किती वेळ पाण्यात होता, आणि त्या वेळी नेमकं काय कमी पडलं. 'डायव्हर कमी पडला' हे उत्तर वाटतं त्यापेक्षा कमी वेळा येतं. दोर नव्हता, बोटीचं इंजिन चालू होईना, काठावर श्वास द्यायला कुणाला येत नव्हतं, अंधार पडला होता, गर्दी आवरेना, अशीच उत्तरं जास्त निघतात.

यादीत साधारण पुढचे प्रकार येतील.

घाट आणि डोह. सांगली, मिरज, औदुंबर, कराडचा प्रीतिसंगम. उन्हाळ्यात पोहायला आलेली मुलं, विसर्जन, अंत्यविधीनंतर अंघोळीला उतरलेली माणसं. पाणी संथ दिसतं, पण घाटाच्या शेवटच्या पायरीनंतर तळ एकदम खाली जातो. काळ्या पाण्यातला शोध खरा लागतो तो इथं.

कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. याबद्दल नवे डायव्हर सर्वांत कमी जाणतात. पावसाळ्यात पाणी भिंतीवरून सांडतं तेव्हा खालच्या बाजूला उलटा फिरणारा भोवरा तयार होतो आणि वर आलेल्या माणसाला किंवा बोटीला पुन्हा भिंतीकडे ओढतो. फेसाळ पाण्यात बोटीचा पंखाही नीट पकड घेत नाही. पावसाळा सरल्यावर पाणी अडवायला बरगे (दारांत बसवायच्या फळ्या) घातले की धोक्याची बाजू बदलते, आता ती वरची. एखादा बरगा निसटलेला किंवा तुटलेला असेल तर त्या फटीतून पाणी जोरात खाली जातं. दोन्ही बाजूंच्या पातळीत २ मीटरचा फरक असेल आणि भोक फक्त ३० सेंटिमीटर लांब-रुंद असेल, तरी तिथं चिकटलेल्या माणसावर सुमारे १८० किलोचा दाब बसतो. वरून चार जणांनी दोर ओढला तरी तो सुटत नाही, आणि गढूळ पाण्यात ते भोक आधी दिसतही नाही.

उपसा योजनांच्या जॅकवेल (नदीचं पाणी ओढून घेणाऱ्या विहिरी) आणि शेतकऱ्यांच्या मोटारींचे फुटव्हॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या पाइपच्या टोकाच्या झडपा) याच जातीचे. ताकारी, म्हैसाळ, टेंभू या मोठ्या योजना आपण सगळे ओळखतो, पण काठावरच्या खासगी मोटारी मोजायला कुणी जात नाही.

सावधान: बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला किंवा पंपाजवळ शोध घ्यायचा असेल तर पंप बंद करून घेणं आणि पातळी दोन्हीकडे सारखी होऊ देणं हे आधीचं काम. पाटबंधारे विभागाच्या माणसाने 'बंद केलंय' असं फोनवर सांगणं पुरेसं नाही. तुमचा एक माणूस स्विचपाशी उभा हवा.

पूर. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ४० फुटांवर इशारा पातळी आणि ४५ फुटांवर धोका पातळी. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी पाणी त्याच्या किती वर गेलं ते सांगलीकरांना सांगायला नको. पुरात सिलिंडर लावून उतरायचं काम जवळजवळ नसतंच. काम असतं बोटीचं, दोराचं, म्हाताऱ्या माणसांना माळ्यावरून उतरवण्याचं.

विहिरी. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, माण, खटाव. खोल, बिनकठड्याच्या, आत मोटार सोडलेल्या. त्यांचा वेगळा टप्पा पुढे आहे.

कालवे, धरणांचे फुगवटे, पाणी साठलेल्या खाणी. कालव्यातला वेग फसवा असतो आणि सिमेंटच्या तिरक्या कडेला हाताला काही लागत नाही.

या यादीत एक रकाना हमखास राहतो, मगरीचा. कृष्णेच्या भिलवडी, औदुंबर, डिग्रज या पट्ट्यात मगरी आहेत आणि माणसांवर हल्ले झालेले आहेत. उन्हाळ्यात अंडी-पिल्लांच्या दिवसांत मादी जास्त आक्रमक असते. यावर कोणताही डायव्हिंग कोर्स काही शिकवत नाही. वन विभागाच्या स्थानिक माणसाशी आणि नदीवर रोज असणाऱ्या नावाड्यांशी, मासेमारांशी बोलून कुठल्या डोहात कधी उतरायचंच नाही हे आधी ठरवून ठेवा.

तपासा: यादी झाली की पथकप्रमुखांना दाखवा आणि एकच विचारा: 'आपल्यात आत्ता कुठलं काम करायला माणूस नाही?' तुम्हाला काय शिकायला आवडेल हा प्रश्न त्याच्यानंतरचा.

## टप्पा ३: शरीर आणि कागदपत्रं आधी नीट करा

कोर्सची फी भरल्यावर कान अडला म्हणून परत आलेले लोक आहेत. डायव्हिंग संस्थांचा वैद्यकीय प्रश्नांचा फॉर्म आधीच मिळतो, तो घेऊन डॉक्टरांकडे जा. दमा, फिट येणं, कानाच्या पडद्याचं जुनं दुखणं, सायनस, हृदयाचे आजार, झालेली शस्त्रक्रिया यातलं काहीही लपवू नका. 'लहानपणी होतं, आता काही नाही' असं असलं तरी फॉर्मवर लिहा आणि निर्णय डॉक्टरांना घेऊ द्या.

पुराच्या आणि घाटाच्या पाण्यात सांडपाणी मिसळलेलं असतं. धनुर्वात, हिपॅटायटिस आणि टायफॉइडच्या लसींबद्दल डॉक्टरांना विचारा. पुराच्या पाण्यात काम करून आल्यावर ताप, अंगदुखी, डोळे लाल असं काही झालं तर 'पाण्यात होतो' हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा, कारण लेप्टोचा (दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा) संशय त्यावरून येतो. पायाला जखम असेल त्या दिवशी काठावरचं काम मागून घ्या.

पोहण्याचं म्हणाल तर, सिलिंडर काढून ठेवल्यावर तुम्ही किती चांगले पोहता हे महत्त्वाचं. कपडे घालून, न थांबता २०० मीटर आणि त्यानंतर १० मिनिटं हात-पाय मारत जागेवर तरंगणं जमत नसेल तर दोन महिने तलावात घाला.

विमा पाहा. नेहमीच्या अपघात विम्यात डायव्हिंग वगळलेलं असू शकतं. पॉलिसीतला वगळलेल्या गोष्टींचा भाग स्वतः वाचा. आणि घरच्यांना तुम्ही काय काम करणार आहात ते नीट सांगा.

## टप्पा ४: पहिला कोर्स, प्रथमोपचार आणि ऑक्सिजन

रेस्क्यू डायव्हरसाठी प्रथमोपचाराचं प्रशिक्षण लागतंच, म्हणून अनेक जण 'ते झालंय' म्हणून पुढे जातात. पण त्याला दोन वर्षं होऊन गेली असतील तर हात विसरलेले असतात.

ऑक्सिजन न मिळाल्यास मेंदूला ४ ते ६ मिनिटांत इजा व्हायला सुरुवात होते. माणूस १० मिनिटांहून जास्त वेळ पाण्याखाली राहिला की वाचण्याची शक्यता झपाट्याने घटते, आणि आपल्याकडच्या कोमट पाण्यात अर्ध्या तासानंतर ती जवळपास उरत नाही. पथकाची गाडी घटनास्थळी पोहोचायलाच बहुधा याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे ज्यांना खरोखर जिवंत काढता येतं ती माणसं काठावरच्या लोकांनी बाहेर काढलेली असतात आणि पुढचं सगळं श्वास देण्यावर ठरतं.

कोर्स निवडताना बुडालेल्या माणसासाठीची पद्धत वेगळी शिकवतात का ते विचारा. नुसती छाती दाबण्याची जी पद्धत मोबाइलवरच्या व्हिडिओत दिसते ती इथं अपुरी आहे. बुडालेल्याला आधी श्वास द्यायचे असतात (संस्थेनुसार २ किंवा ५), मग ३० वेळा छाती दाबायची, २ श्वास, असं चालू ठेवायचं. ऑक्सिजन सिलिंडर आणि बॅग-मास्क (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) वापरायचं प्रशिक्षण त्याच वेळी मिळालं तर उत्तम.

नेहमीच्या चुका: पोट दाबून पाणी काढणं. पाय धरून उलटं करणं, खांद्यावर टाकून गरगर फिरवणं. या सगळ्यात श्वासाचा वेळ जातो आणि पोटातलं वर येऊन फुप्फुसात जातं. आणखी एक चूक: शुद्धीवर आला म्हणून घरी सोडणं. पाणी नाकातोंडात जाऊन खोकला, धाप लागलेला प्रत्येक माणूस रुग्णालयात तपासून काही तास देखरेखीखाली ठेवायला हवा. १०८ ला फोन आधीच गेलेला असू द्या.

## टप्पा ५: वाहतं पाणी आणि बोट

वेग दुप्पट झाला की पाण्याचा जोर चौपट होतो. हे ज्याने अंगावर घेतलेलं नाही त्याने पुरात काम करू नये. वाहत्या पाण्याच्या बचावाचं प्रशिक्षण यासाठीच वेगळं असतं. त्यात पाण्यात कसं तरंगत जायचं, प्रवाहाच्या आड शांत पाणी कुठे मिळतं, थैलीतला दोर अचूक कसा फेकायचा, झाडाच्या फांद्यांत माणूस अडकतो तेव्हा काय करायचं हे शिकवतात. क्रम पाठ करा: हाक मारा, काठी द्या, दोर फेका, बोट न्या, आणि यातलं काहीच चालत नसेल तरच उतरा.

सावधान: प्रवाहात उतरणाऱ्या माणसाच्या कमरेला साधा दोर बांधू नका. दोर ताणला की पाणी त्याला खाली दाबतं आणि गाठ सुटत नाही. एका झटक्यात सुटणारा पट्टा असलेलं बचाव जॅकेट असेल आणि त्याचा सराव असेल तरच दोर जोडायचा. आपल्या गावांत कासरा बांधून उडी मारायची जुनी सवय आहे, ती मोडायला तुम्हालाच पुढे यावं लागेल.

प्रशिक्षण कुठे मिळेल? आधी जिल्हाधिकारी कार्यालयातल्या जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षात जा (फोन १०७७). राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या आपदा मित्र योजनेतलं स्वयंसेवकांचं प्रशिक्षण १२ दिवसांचं आहे. पुढची तुकडी कधी निघणार आणि तुमच्या पथकाला जागा मिळेल का ते तिथंच कळेल. एनडीआरएफची ५ वी बटालियन पुण्याजवळ आहे. पावसाळ्याआधी त्यांची प्रात्यक्षिकं जिल्ह्यात होतात तेव्हा नुसतं पाहायला जाऊ नका, पथक म्हणून सहभागी होण्याचं पत्र आधी द्या. जीवरक्षकाच्या कामासाठी पुण्यातली राष्ट्रीय लाइफ सेव्हिंग सोसायटी आणि जीवरक्षण व यांत्रिक बोट या दोन्हींसाठी गोव्यातली राष्ट्रीय जलक्रीडा संस्था, ही दोन नावं यादीत ठेवा.

बोटीचं प्रशिक्षण मी डायव्हिंगच्या वर ठेवतो. ८ ऑगस्ट २०१९ ला ब्रह्मनाळमध्ये पुरातून बाहेर निघणाऱ्या लोकांची बोट उलटली. त्यानंतर तरी या भागातल्या पथकात बोटीचं वजन, माणसांची बसण्याची जागा आणि 'आता आणखी कुणी नाही' असं ठामपणे सांगणं शिकलेली माणसं हवीत. शिवाय आपल्याकडे पुरात बोट उसाच्या फडावरून आणि द्राक्षबागेच्या मांडवावरून जाते. पाण्याखालची तार पंख्यात गुंतली की इंजिन बंद पडतं आणि बोट आडवी होते. डोक्यावरच्या विजेच्या तारा पूर चढला की हाताच्या अंतरावर येतात. प्रशिक्षकाला हे आधी सांगा, नाहीतर तो मोकळ्या जलाशयातलंच शिकवेल.

## टप्पा ६: डायव्हर होण्याआधी दोर धरायला शिका

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात.

काळ्या पाण्यात डायव्हर आंधळा असतो. तो कुठे आहे, कोणता भाग शोधून झाला, हवा किती उरली असावी, दोर कशात अडकलाय का, हे सगळं काठावरचा दोरवाला जाणत असतो. शोध खरा तोच घेतो, डायव्हर त्याचा हात. चांगला दोरवाला दोराच्या कंपावरून सांगतो की माणूस सरकतोय की धडपडतोय.

किमान रचना अशी: पाण्यात एक, त्याचा दोर धरणारा एक, आणि काठावर पूर्ण तयार, फक्त मास्क चढवायचा बाकी असलेला दुसरा डायव्हर, त्याचा स्वतंत्र दोरवाला. चार माणसं नसतील तर उतरायचं नाही. पथकात डायव्हर आहेत आणि दोरवाले नाहीत, हेच चित्र फार ठिकाणी असतं. म्हणून नव्या माणसाने पहिले काही महिने मुद्दाम हे काम मागून घ्यावं.

शिकायचं ते हे: दोरावर ठरावीक अंतराच्या खुणा, दोर कायम हलका ताणलेला ठेवणं, वेळ आणि दिशा लिहीत जाणं, शोधलेला भाग कागदावर रंगवत जाणं, आणि दोराचे इशारे.

सावधान: किती झटक्यांचा काय अर्थ, हे वेगवेगळ्या संस्थांमध्ये वेगळं शिकवतात. तुम्ही गोव्यात एक शिकलात, मित्र पुण्यात दुसरं शिकला आणि दोघं एकाच दोराच्या दोन टोकांना असाल तर 'मी ठीक' आणि 'मला ओढा' यांची अदलाबदल होऊ शकते. पथकाचा एकच तक्ता ठरवा, दोराच्या पिशवीवर चिकटवा आणि प्रत्येक वेळी उतरण्याआधी कोरड्या जमिनीवर डोळे बांधून म्हणून घ्या.

## टप्पा ७: अंधाऱ्या पाण्यातलं डायव्हिंग

आता डायव्हिंग. शोधायचं नाव आहे पब्लिक सेफ्टी डायव्हर. पॅडीचा याच नावाचा विशेष कोर्स आहे, आणि ईआरडीआय ही संस्था याच कामासाठी आहे. हौशी कोर्सपैकी दोनच आधी करा म्हणून मी सांगेन: तरंगण्यावरच्या ताब्याचा, आणि पाण्याखालच्या दिशाज्ञानाचा. तिसरा जमला तर सर्च अँड रिकव्हरी. डीप, रेक आणि डाइव्हमास्टर हे वाईट कोर्स नाहीत, पण नदीवर पहिल्या दोन वर्षांत ते तुमच्या कामाचे नाहीत.

पैसे भरण्याआधी प्रशिक्षकाला हे विचारा:

१. तुम्ही स्वतः पोलीस, अग्निशमन दल किंवा बचाव पथकासोबत शोधकाम केलंय का? समुद्रात हजार डाइव्ह केलेला माणूस वेगळा आणि गाळात हाताने चाचपडत शोधलेला माणूस वेगळा.

२. मास्क काळा करून किती तास सराव होतो? तलावात, मग उघड्या गढूळ पाण्यात, असा क्रम आहे का?

३. शोधाच्या कोणत्या पद्धती शिकवता? काठावरून दोराने अर्धवर्तुळं काढत जाणं आपल्या घाटांना सर्वांत लागू पडतं. प्रत्येक फेरीला दोर हाताच्या पल्ल्याएवढाच सोडायचा. तळावर दोर अंथरून त्याच्या कडेने जाणं आणि बोटीच्या नांगराभोवती वर्तुळ, ह्या पुढच्या दोन.

४. जाळ्यात अडकण्याचा सराव खऱ्या जाळ्याने, डोळे झाकून होतो का? दोन्ही हातांना पोहोचतील अशी दोन कापायची साधनं हवीत. सुरीपेक्षा जाड कात्री बरी, गाळात सुरी स्वतःच्याच नळीला लागते.

५. दुसरा, स्वतंत्र हवेचा छोटा सिलिंडर वापरायला शिकवता का? काळ्या पाण्यात 'सोबत्याकडून हवा घेऊ' हे चालत नाही, सोबतीच नसतो.

६. 'उतरायचं नाही' हा निर्णय कसा घ्यायचा ते शिकवता का?

सहाव्या प्रश्नावर प्रशिक्षक अडखळला तर दुसरा शोधा. माणूस सकाळी बुडाला आणि तुम्ही दुपारी पोहोचलात तर तुम्ही मृतदेह शोधत आहात. ते काम आदराने करायचं, पण त्यासाठी जीव पणाला लावायचा नाही. घाटावर आई आक्रोश करत असते, गावातले ओरडत असतात, 'सामान घेऊन आलाय आणि उतरत नाही' असं ऐकावं लागतं. अशा वेळी प्रवाहाचा वेग, बंधाऱ्याचं अंतर, उरलेला उजेड पाहून 'आज नाही, उद्या सकाळी' असं म्हणण्याचं प्रशिक्षण फार कमी ठिकाणी मिळतं. घरच्यांशी आणि पोलिसांशी बोलायला पथकाने एकच माणूस नेमावा आणि डायव्हरला त्या गर्दीपासून दूर बसवावं. मृतदेह सापडला की जागा, खोली आणि स्थिती लिहून पोलिसांना द्या, पंचनाम्याला ती लागते.

सावधान: पूर्ण चेहरा झाकणारा मास्क दूषित पाण्यात चांगला, पण त्याचं वेगळं प्रशिक्षण आहे. पाण्यात तो काढून साध्या मास्कवर यायचा सराव झाल्याशिवाय तो घालून नदीत जाऊ नका. आणि अग्निशमन दलाचा धुरात घालायचा श्वसनसंच पाण्याखाली कधीही वापरायचा नाही, तो त्यासाठी बनलेलाच नाही.

तपासा: अंधाऱ्या पाण्यातली एक डाइव्ह अनेक पथकं २० मिनिटांवर थांबवतात, हवा शिल्लक असली तरी. तुमच्या पथकाचा नियम लेखी आहे का?

## टप्पा ८: समुद्रावर शिकून येताना घाट विसरू नका

तारकर्लीत महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची डायव्हिंग संस्था आहे, मालवण आणि गोवाही आपल्याला जवळ. तिथं शिकताना एक गोष्ट कोकणातल्या प्रशिक्षकाच्या लक्षात येईलच असं नाही: तुम्हाला घरी यायला घाट चढावा लागतो. आंबोली सुमारे ६९० मीटरवर आहे. डायव्हिंगनंतर लगेच उंचीवर गेलं की अंगात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात. म्हणून विमानात बसायचे जे नियम आहेत ते ६०० मीटरच्या वरच्या उंचीला धरून केलेले आहेत: एकाच डाइव्हनंतर किमान १२ तास, अनेक डाइव्ह किंवा अनेक दिवसांनंतर किमान १८ तास. कोर्समध्ये डाइव्ह अनेकच होतात. म्हणून शेवटची डाइव्ह दुपारी १२ ला संपली तर दुसऱ्या दिवशी सकाळी ६ च्या आधी घाट चढायचा नाही. एका मुक्कामाचे पैसे खर्चात आधीच धरा.

दुसरं, सांगली स्वतःच समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर आहे, आणि ३०० मीटरच्या वर डायव्हिंगची कोष्टकं (किती खोलीवर किती वेळ राहायचं ते) बदलतात. डाइव्ह कॉम्प्युटरला उंची आणि गोडं पाणी कसं कळवायचं ते त्याच्या पुस्तिकेत पाहून ठेवा. खाली जाण्यासाठी समुद्रात कमरेला लागणारं शिशाचं वजनही इथं जास्त होतं. सामानासह तुमचं वजन १०० किलो असेल तर नदीत साधारण अडीच किलो कमी लागेल. आधी तलावात तपासा.

## टप्पा ९: विहीर सर्वांत शेवटी

विहिरीत पाण्यापेक्षा हवा जास्त मारते. वापरात नसलेल्या, अरुंद, खोल विहिरीत ऑक्सिजन कमी असू शकतो किंवा विषारी वायू साचलेला असू शकतो. एक उतरून बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा, मग तिसरा. मेणबत्ती किंवा कंदील सोडून पाहणं पुरेसं नाही, विषारी वायू त्यात कळत नाही. वायू मोजायचं यंत्र हवं, आणि ऑक्सिजन १९.५ टक्क्यांखाली असेल तर हवा खेळती केल्याशिवाय कुणी उतरायचं नाही.

यासाठी दोराने चढ-उताराचं आणि बंदिस्त जागेतल्या बचावाचं असं दोन्ही प्रशिक्षण लागतं. साताऱ्याकडे डोंगरातली बचाव पथकं दोराचं काम उत्तम जाणतात. त्यांच्याबरोबर सराव करा, तो कुठल्याही कार्डापेक्षा जास्त देईल.

उतरण्याआधी तपासा: मोटारीची वीज खांबावरून तोडली का, नुसता स्टार्टर बंद केलेला चालत नाही. काठावरची गर्दी दहा फूट मागे गेली का, कारण पायाने सुटलेला दगड थेट खालच्याच्या डोक्यावर येतो. डोक्यावर हेल्मेट आहे का. वर ओढणाऱ्यांना इशारे माहीत आहेत का.

## टप्पा १०: कोर्सनंतरचे सहा महिने

कोर्स संपल्यावर लगेच मुख्य डायव्हर होऊ नका. आधी दोरवाला, मग तयार उभा दुसरा डायव्हर, मग पथकातल्या अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली ठरवून केलेल्या सरावात पहिला. महिन्यातून एक सराव, त्यातला निम्मा डोळे झाकून. कपडे भरलेलं पोतं डोहात टाकून ते शोधणं हा साधा सराव आहे आणि तो कमी पथकं करतात. संथ पाण्याचे महिने, म्हणजे पावसाळा ओसरल्यापासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत, यासाठी राखून ठेवा. पूर आल्यावर शिकायला वेळ नसतो.

सामान घेण्याची घाई नको. पहिल्या वर्षी मास्क, बूट, हातमोजे, कात्री आणि स्वतःचं बचाव जॅकेट पुरे. जुना सिलिंडर कुणी स्वस्तात देत असेल तर त्याच्यावर ठोकलेली शेवटच्या दाब-चाचणीची तारीख पाहा. पाच वर्षं उलटली असतील तर चाचणी झाल्याशिवाय भरायचा नाही. भरताना श्वसनाच्या हवेसाठी बनलेला, फिल्टर असलेला कॉम्प्रेसरच हवा. गॅरेजमधल्या किंवा कारखान्यातल्या कॉम्प्रेसरच्या हवेत तेलाची वाफ आणि कार्बन मोनॉक्साइड येऊ शकतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि खोलीवर त्याचा परिणाम वाढतो. जवळपास योग्य कॉम्प्रेसर नसेल तर पथकाने दोन-तीन भरलेले सिलिंडर तयार ठेवावेत, कधी आणि कुठे भरले त्याची चिठ्ठी प्रत्येकाला बांधून.